हरणाबाईंचा हुरडा आणि बाळासोंचं मटण

मी एक जुना फ्रीज आहे, कवठे महांकाळच्या हरणाबाईंच्या घरातला. कुणी घडवलं ते आठवत नाही. सांगलीहून टेम्पोतून आलो तेव्हा मला कुंकू लावलं होतं, आणि पहिल्या उन्हाळ्यात अख्खी गल्ली बर्फासाठी दारात उभी असायची. पुढं कौतुक आटलं आणि मी हरणाबाईंच्या मालकांच्या, बाळासोंच्या हाती लागलो.

मित्रांनो, माणूस किती अडाणी असू शकतो ते मी आतून पाहिलं आहे. कापलेला कांदा उघडा, रश्शाचं पातेलं उघडं, ते वाफाळतं असतानाच आत! जत्रेनंतर तर त्यांनी चार किलो मटण एकाच पिशवीत, तोंड न बांधता, माझ्या बर्फाच्या कप्प्यात कोंबलं. खायची हुक्की आली की सगळा गोळा बाहेर काढायचा, वितळवायचा, चार फोडी घ्यायच्या आणि उरलेला परत आत. तिसऱ्या खेपेला वास सुटला. मटण कुत्र्यांपुढं गेलं.

"ह्यो डबाच बेकार हाय," बाळासो ओरडले. "उद्या भंगारवाल्याला देतो."

नासवलं त्यांनी आणि शिव्या मला!

"आवं, थांबा की," हरणाबाई म्हणाल्या. "माझा हुरडा हाय आत. धनाजी येऊस्तवर ह्याला हात लावायचा न्हाई."

धनाजी त्यांचा फौजेतला मुलगा. हुरड्याच्या दिवसांत त्याला सुट्टी मिळालीच नव्हती. म्हणून त्या माउलीनं कोवळा हुरडा भाजून, गार करून, एका वेळेपुरत्या पिशव्या भरल्या होत्या. प्रत्येकीतली हवा दाबून काढली होती, वर तारीख लिहून त्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या होत्या.

धनाजी चैत्रात आला. हरणाबाईंनी एक पिशवी तव्यावर गरम केली. पहिला घास घेऊन तो थांबला.

"आये, आत्ता भाजलास व्हय?"

त्यानं ताटलीत एक दाणाही शिल्लक ठेवला नाही.

"मशीन बरं दिसतंय की," बाळासो पुटपुटले.

"मशीन तेच हाय," हरणाबाई म्हणाल्या. "हात दुसरं व्हतं."

भंगारवाला आला नाही. बाळासो आता मटणाच्या लहान पिशव्या बांधतात. मात्र तारखेच्या जागी स्वतःचं नाव लिहितात. मालक कोण हे कळलं की मटण जणू घाबरून टिकणार!

मित्रांनो, मला हार घालू नका. पण अन्न निवू द्या, थोडं थोडं घ्या, घट्ट गुंडाळा आणि मग माझ्याकडं द्या. गारवा माझ्याकडं भरपूर आहे. अक्कल तेवढी घरून आणा.