हेन्द्रे विकणे आहे

मेरिगने वरच्या खोलीच्या मधोमध बादली ठेवली आणि किटलीतलं थोडं पाणी तिच्यात ओतलं. छप्पर गळत नव्हतं. ते त्याच्या बापाने स्वतःच्या हाताने घातलं होतं, आणि ते गळतं असं दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मेरिगने जन्मभर त्याचं तोंड पाहिलं नसतं. पण आज घर बघायला माणसं यायची होती. त्याने जरा मागे सरून बादलीकडे पाहिलं आणि आणखी थोडं पाणी ओतलं.

घरविक्रीची एजंट रियान जिना चढून वर आली आणि दारातच थबकली.

“काका, ही बादली कशाला?”

“असू दे.”

“गळतंय का?”

“मी म्हटलं का गळतंय म्हणून?”

मेरिग चॅपलमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस. खोटं तो बोलत नसे. पण बादली कुठे ठेवावी याबद्दल बायबलमध्ये काही लिहिलेलं नाही.

“गेल्या खेपेला तुम्ही त्या लोकांना उंदरांचं सांगितलंत,” रियान म्हणाली.

“आले होते उंदीर.”

“कधी?”

“मी शाळेत होतो तेव्हा.”

रियानने कपाळाला हात लावला. दगडी भिंती, जुनी चूल, खिडकीतून दिसणारा पूल आणि पलीकडचा पडका किल्ला. असं घर आठवड्यात जायला हवं होतं. पण वसंत ऋतू सरला तरी फाटकावरची ‘विकणे आहे’ची पाटी हलली नव्हती. आणि घर विकायला काढलं होतं ते मेरिगनेच. हिवाळ्यात तो जिन्यावरून गडगडला, आणि शेजारच्या ओल्वेनने आरडाओरडा करून लोक जमवले नसते तर तिथेच पडून राहिला असता. डॉक्टरने गुडघा बघून एवढंच विचारलं, की जिना नसलेलं घर आहे का कुठे?

होतं. गावाच्या खालच्या अंगाला नवी बैठी जोडघरं बांधली होती, त्यातलं सात नंबरचं. मेरिग जाऊन बघून आला. उबदार, कोरडं, नळाला लगेच गरम पाणी. नाव ठेवायला जागाच नव्हती, आणि खरी पंचाईत तिथेच होती. त्या घराला नावच नव्हतं, नुसता नंबर होता.

गावात मेरिग जोन्स तिघे. एक मेरिग गॅरेज, एक मेरिग लंबू, आणि हा मेरिग हेन्द्रे. हेन्द्रे हे या घराचं नाव; वेल्शमध्ये त्याचा अर्थ जुनं घर, थंडीत राहायचं. आडनावाला गावात कोणी विचारत नाही, कारण निम्मा गाव जोन्सच आहे. माणूस ओळखायचा तो घरावरून नाहीतर धंद्यावरून. ओल्वेनसुद्धा दोन होत्या. पोस्ट सांभाळायची ती ओल्वेन पोस्ट. दुसरीचं घर हेन्द्रेला चिकटूनच होतं, पण इतकं लहान की त्याला नाव द्यायचं कोणाच्या मनातच आलं नाही. म्हणून ती शेजारची ओल्वेन. कोणाच्या शेजारची, हे सांगावं लागत नसे.

मेरिग खाली राहायला जाणार हे कळलं त्याच संध्याकाळी मेरिग लंबूने पबमध्ये ग्लास उंचावला.

“आपल्या मेरिग सात नंबरला शुभेच्छा!”

“माणूस आहे की बस रे?” कोणीतरी ओरडलं, आणि सगळा पब हसला.

मेरिगही हसला. घरी येऊन मात्र त्याला जेवण गेलं नाही. चॅपलमागे त्याच्या बायकोची कबर होती. काळ्या पाटीच्या दगडावर कोरलं होतं, ‘नेस्ता जोन्स, हेन्द्रे’, आणि खालचा अर्धा दगड त्याच्यासाठी कोरा ठेवला होता. तिथे आता काय लिहिणार? सात नंबर? नेस्ता तर दारच उघडायची नाही.

सकाळचं जोडपं पलीकडच्या खोऱ्यातलं निघालं. गेथिन शाळामास्तर, बायको नर्स, बोलणं शुद्ध आपल्या वेल्शमध्ये. गेथिनने बादली बघितली, वर छताकडे बघितलं, बादलीत बोट बुडवून बघितलं.

“कोमट आहे,” तो म्हणाला. “तुमच्याकडे पाऊस गरम पडतो वाटतं, काका?”

मेरिग खिडकीबाहेर बघत राहिला. रियानला खोकल्याची उबळ आली.

“आम्हाला काहीही बदलायचं नाहीये,” गेथिनची बायको म्हणाली. “आणि हेन्द्रे हे नाव तर सोन्यासारखं आहे. ते तसंच ठेवणार.”

“गेथिन हेन्द्रे,” गेथिनने स्वतःशी म्हणून बघितलं. “झकास वाटतं की!”

जिना उतरताना मेरिगने दोनदा कठडा धरला, आणि या खेपेला ते नाटक नव्हतं.

ती दोघं गेली न गेली तोच कुंपणाच्या भिंतीवरून ओल्वेनचं डोकं वर आलं.

“कित्ती छान पोरं रे! आपली भाषा, चॅपललाही येतील. देऊन टाक आता. उगाच आढेवेढे घेऊ नकोस.”

“बघतो.”

“बघतो काय, मेल्या? पुन्हा पडलास तर मी नाही हं ओरडणार.”

दुपारी इंग्लंडहून क्लाइव्ह आणि पॅम आले. दोघंही नुकतीच निवृत्त झालेली, पायात कोरे करकरीत डोंगर चढायचे बूट. क्लाइव्हचं डोकं पहिल्याच तुळईला आपटलं, तरी तो “वा, काय सुरेख तुळई!” म्हणाला. पॅमला चूल आवडली, चिमणी आवडली, भिंतीची ओलसुद्धा आवडली. मेरिग सोट्यासारखा उभा राहून इंग्रजीत “हो”, “नाही” करत होता.

“एकच गोष्ट,” पॅम संकोचून म्हणाली. “राग नका मानू, मिस्टर जोन्स. हे नाव आम्हाला काही म्हणता येत नाही. आम्ही ‘ब्लूबेल कॉटेज’ ठेवलं तर चालेल?”

रियानने डोळे मिटून घेतले. गेल्या वर्षी वरच्या आळीतल्या एका घराचं नाव असंच बदललं, तेव्हा गावाने सभा भरवून दोन तास नुसता आरडाओरडा केला होता.

मेरिगने अगदी हळू आवाजात विचारलं, “म्हणजे हेन्द्रे हे नाव तुम्हाला नकोच?”

“माफ करा, पण नकोच.”

“दारावरची पाटी?”

“तुम्हाला हवी असेल तर खुशाल न्या.”

मेरिग पाय ओढत वर गेला. खाली सगळ्यांना काहीतरी जमिनीवरून सरकवल्याचा आवाज ऐकू आला, आणि मग खिडकीतून पाणी ओतल्याचा. परत आला तेव्हा त्याने क्लाइव्हचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

“छप्पर बापाने घातलंय,” तो म्हणाला. “एक थेंब गळत नाही.”

बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. ओल्वेन दार न वाजवता आत आली.

“ब्लूबेल!” ती म्हणाली. “एवढी गुणी पोरं दारात आली होती, आणि तू ब्लूबेलला घर दिलंस? जनाची नाही, मनाची तरी ठेवायचीस! नेस्ता असती तर?”

“नेस्ताला पटलं असतं.”

“तिच्या तोंडी शब्द घालू नकोस,” ओल्वेन म्हणाली, आणि दार आपटून निघून गेली. रविवारी चॅपलमध्ये पहिल्या बाकावर मेरिग एकटाच होता. सगळ्यांचे गळे त्याच्या पाठीमागे होते, आणि त्या दिवशी ते जरा जास्तच मोठ्याने गायले.

सामान हलवायला मात्र दोघे मेरिग आले, न बोलता. सगळं गाडीत चढल्यावर मेरिगने खुर्ची मागवली, दुखऱ्या गुडघ्यानिशी तिच्यावर चढला आणि दारावरच्या पाटीचे स्क्रू काढायला लागला. खुर्ची क्लाइव्हने धरली होती. पाटी काखेत मारून मेरिग गाडीत बसला तेव्हा लंबूने गॅरेजकडे बघितलं, गॅरेजने लंबूकडे, आणि दोघांनीही टोप्या डोळ्यांवर ओढून घेतल्या. त्या रात्री पबमध्ये बस म्हणून कोणी हसलं नाही.

ओल्वेन बरेच दिवस फिरकली नाही. आली तेव्हा हातात मनुकांचा केक होता आणि चेहरा तसाच फुगलेला. दारात थांबून तिने पाटी वाचली. तिच्याखाली सात नंबर कुठेतरी झाकला गेला होता.

“ह्यासाठी होय?”

“हं.”

“मग मला सांगायला काय तोंड शिवलं होतं?”

“लाज वाटली. एवढा म्हातारा घोडा नावासाठी रडतोय म्हणाली असतीस.”

“म्हणालेच असते.” ती आत येऊन खुर्चीवर बसली. कोट काढला नाही. “तू आपलं नाव उचलून खाली घेऊन आलास. माझ्या नावाचं काय?”

“तुझ्या?”

“शेजारची ओल्वेन! आता कोणाच्या शेजारची? काल दुकानात लंबू मला ओल्वेन ब्लूबेल म्हणाला. तोंडावर!”

मेरिगने हसू दाबायचा खूप प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलंच. मग त्याने बघितलं, तर ती हसत नव्हती.

“माणसं वाईट नाहीत रे ती,” ती म्हणाली. “केकसुद्धा घेऊन आली होती ती पॅम. पण रात्री भिंतीपलीकडून तुझा खोकला यायचा. आला की मला झोप लागायची. क्लाइव्ह मेला खोकतच नाही.”

मेरिगने केक कापला. सुरी जरा वाकडीच गेली, एक तुकडा मोठा झाला, तो त्याने तिच्यापुढे सरकवला. ओल्वेनने तो हातात घेतला आणि खिडकीतून बाजूच्या दाराकडे बघत राहिली.

“त्या आठ नंबरात कोण राहतं?”

“कोणी नाही अजून.”

“जिना?”

“छे.”

“आणि ही मधली भिंत?”

मेरिग उठला. भिंतीपाशी जाऊन त्याने बोटाच्या पेराने टकटक केलं. मग तोंड भिंतीजवळ नेऊन मनापासून खोकला.

“पातळ आहे,” तो म्हणाला. “सगळं ऐकू येईल.”

ओल्वेनने केकचा तुकडा बशीत ठेवला आणि कोटाची बटणं काढायला लागली.