डोकेदुखीची थाप

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं असं बोलावं, ज्यावर घरात औषध नसेल. दीपिकाला तेवढीही अक्कल सुचली नाही.

शनिवारी दुपारी ती हिंदमाताला, साड्यांच्या दुकानांवरच्या एका स्किन क्लिनिकात जाऊन कपाळात इंजेक्शनच्या पाच सुया टोचून घेऊन आली. कारण तसं साधं होतं. परळच्या एका विमा ऑफिसात ती काउंटरवर बसते. सत्तेचाळिसावं चालू आहे आणि दोन भुवयांच्या मधे अशा दोन उभ्या आठ्या पडल्यात की माणूस फॉर्म पुढे करायच्या आधीच विचारतो, "मॅडम, रागावलात का?" शेजारच्या टेबलावरची सलोनी म्हणाली, "अगं, दहा मिनिटांचं काम. मी दोनदा केलंय. कुणाला कळत पण नाही." कुणाला कळत नाही, एवढंच दीपिकाला पटलं.

निघताना क्लिनिकवाल्यांनी एक कागद हातात दिला. चार तास आडवं व्हायचं नाही. कपाळ दाबायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. तिनं तो घडी करून पर्समध्ये टाकला आणि काळाचौकीला घरी आली.

दार सासूनं उघडलं. कौसल्याबाई पंचाहत्तरीच्या आहेत, पण नजर अजून तांदळातला खडा टिपणारी. दीपिकानं चपला काढायच्या आत त्यांना कपाळावरचे लाल ठिपके दिसले.

"काय झालं गं कपाळाला?"

"काही नाही, आई. डोकं दुखतंय, म्हणून सारखी दाबत होते."

झालं. डोकं दुखणं हे या घरात कौसल्याबाईंचं खातं. गल्लीतल्या अर्ध्या बायकांची डोकी त्यांनी चेपलीत. बामाची डबी घेऊन त्या खाटेवर बसल्या आणि सुनेचं डोकं मांडीवर ओढलं. दीपिका नको नको म्हणाली, पण जोर लावून नको म्हणावं तर चोरी उघडी पडायची. शिवाय खरं सांगायचं तर तिला बरंही वाटलं. भुवयांच्या मधोमध दोन्ही अंगठे रोवून कौसल्याबाईंनी अर्धा तास बाम जिरवला, वरून खाली, वरून खाली. पर्समध्ये कागद पडून होता.

मंगळवारपर्यंत आठ्या खरंच मावळल्या. सलोनीनं डोळा मारला. बुधवारी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "थँक यू, बेटा" म्हटलं, त्यावर दीपिका दिवसभर खूश होती.

गुरुवारी सकाळी दात घासताना तिनं आरशात पाहिलं आणि ब्रश तोंडातच राहिला. डावी पापणी अर्ध्यावर आली होती. तिनं डोळे मोठे केले. उजवा उघडला, डावा तसाच. बोटानं पापणी वर उचलली, सोडली. परत खाली. पाणी मारून पाहिलं. परत खाली. डोळा असाच राहिला तर? आणि हे सुयांचंच कशावरून? सासरे राजाराम यांचं दुखणं या घरात असंच सुरू झालं होतं. सकाळी एक पापणी पडली आणि संध्याकाळपर्यंत अर्धं अंग गेलं. तेव्हा ती या घरात नवी नव्हती, सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तिनं डावा हात वर केला, मुठी आवळल्या, हळूच स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. सगळं ठीक होतं, तरी तिनं डावा हात पुन्हा एकदा वर करून पाहिला.

ती बाहेर आली. कौसल्याबाई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि काडी विझवायचीही विसरल्या. बोट भाजल्यावर ती खाली टाकली.

"चल."

"आई, झोप झाली नसेल नीट, थोडं थांबू या—"

"थांबायचं नाय," कौसल्याबाई म्हणाल्या. "त्यांच्या वेळी मी थांबले."

नवरा गौतम पहाटेच ड्यूटीवर गेला होता. त्याला फोन टॅक्सीतूनच केला. रस्ताभर कौसल्याबाईंनी दीपिकाचा डावा हात घट्ट धरून ठेवला होता आणि ओठ हलत होते, बुद्धं सरणं गच्छामि. मधेच विचारायच्या, "माझी बोटं लागतात ना हाताला?" दीपिका हो म्हणायची. तिला सांगायचं होतं. लालबागच्या सिग्नलला तर शब्द ओठांवर आला होता. पण या वयात कपाळ गुळगुळीत करायला गेले होते, हे या बाईला कोणत्या तोंडानं सांगणार?

परळच्या हॉस्पिटलात अपघात विभागात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. दात दाखवा. दोन्ही हात उचला. बॅटरी डोळ्यांत मारली. मग विचारलं, "चेहऱ्यावर काही ट्रीटमेंट? इंजेक्शन वगैरे?"

कौसल्याबाई उशाशीच उभ्या होत्या.

"नाही," दीपिका म्हणाली.

"मग डोक्याचा स्कॅन करावा लागेल. ॲडमिट व्हा. मेंदूकडे जाणारी शीर फुगलीय का तेही बघू." डॉक्टरीणबाई कागद आणायला गेल्या.

मेंदूची शीर. बाई गं, आता तरी बोल, असं कुणी तिला हलवून सांगायला हवं होतं. पण भीतीचं असंच असतं, तोंड उघडायच्या वेळी ती आधी जीभ धरते.

कौसल्याबाई स्टुलावर बसल्या. पदरात हात गुंडाळून घेतले होते, थंडी वाजत असल्यासारखे.

"दीपा, माझा हात वाईट आहे गं."

"काय बोलताय, आई?"

"त्यांचं डोकं आदल्या संध्याकाळी मीच चोळलं होतं. असंच. सकाळी पापणी पडली. अकरा वर्षं कुणाला बोलले नाही, गौतमलापण नाही. मनाला समजावलं, योगायोग असेल. तरी लोकांची डोकी चेपत राहिले, म्हटलं बघू, कुणाला काही होतं का. कुणाला झालं नाही. आणि आता तुला."

दीपिका उठून बसली. "आई, तुमचा हात नाही. मी कपाळात इंजेक्शनं घेतलीत. आठ्यांसाठी. डोकं दुखतंय ही थाप होती." पर्समधला कागद काढून तिनं सासूच्या मांडीवर ठेवला आणि रडायला लागली.

कौसल्याबाईंनी कागद लांब धरून वाचला. सगळा वाचला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनीही तो वाचला आणि दीपिकाकडे असं पाहिलं की तिला खाटेखाली लपावंसं वाटलं.

"हे आधी सांगता येत नाही? औषध खाली उतरलंय, पापणी उचलणारा स्नायू ढिला पडलाय. डोळ्यांच्या मॅडम एकदा बघतील, थेंब देतील. काही आठवडे लागतील, मग आपोआप उघडेल. कपाळ चोळलं होतं?"

"हो, मीच," दीपिका घाईनं म्हणाली.

"मी चोळलं," कौसल्याबाई म्हणाल्या. "अर्धा तास."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "त्यानंही उतरलं असेल."

दीपिकाला वाटलं, संपलं. हिला मी आता जन्माचं ओझं दिलं. पण कौसल्याबाईंचं सुनेकडे लक्षच नव्हतं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

"डॉक्टर, एक विचारू? इंजेक्शन नव्हतं. कागद नव्हता. माणसाचं डोकं दुखत होतं म्हणून नुसता बाम चोळला. त्यानं लकवा होतो?"

"नाही, आजी."

"जोरात चोळला तर?"

"तरी नाही. लकवा रक्ताच्या गुठळीनं होतो, डोक्याच्या आत. वरून कपाळ चोळून नाही होत."

"पण आदल्याच दिवशी चोळला असेल तर?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खिशाला लावलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तरी नाही, आजी. डोकं दुखत होतं, ते कदाचित त्याचंच असेल. तुमच्या चोळण्यानं त्यांना बरंच वाटलं असेल."

कौसल्याबाई खाली बसल्या. पदरातून हात बाहेर काढले, मांडीवर उलटे ठेवले आणि तळव्यांकडे बघत राहिल्या. दीपिका एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहत होती. राजाराम गेले तेव्हा या बाईला रडताना तिनं पाहिलं नव्हतं.

"वाटलं होतं बरं," कौसल्याबाई म्हणाल्या. "म्हणाले होते, अजून थोडं चोळ."