दुसरी हाक

आमच्या घरात प्रत्येकाला दोनदा हाक मारत. शेजारी हसून आम्हाला ‘बहिऱ्यांचं घर’ म्हणायचे. पण गेलेलं माणूस एकदाच हाक मारतं, आणि ओ दिली की सोबत घेऊन जातं, असं आजी सांगायची.

माझी धाकटी बहीण तापाने गेली, त्याच हिवाळ्यातली दुपार. आई शेगडीपाशी स्वेटर विणत होती, मी लोकर गुंडाळत होते. मागच्या दारातून धाकटीचा आवाज आला, “आई!”

मी आईच्या तोंडावर हात ठेवला. “एकदाच आली गं हाक!”

तिने माझा हात हळूच बाजूला केला. “वेडाबाई, दुखण्यात तरी दोनदा हाक मारायचं बळ कुठे होतं तिला?” मग दाराकडे वळून म्हणाली, “आले गं, बाळा.”

सुया तिच्या हातातून गळून पडल्या.