साडेसतरा बाय सव्वाअकरा

गीझरच्या चकतीवरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते, एक ते पाचपैकी फक्त तिनाची खालची शेपटी उरली होती, आणि तरी घरातल्या प्रत्येकाच्या बोटांना कुठं थांबायचं ते ठाऊक होतं — सासूबाईंना चाराच्या जरा पुढं, नवऱ्याला दोनावर, आणि तिला स्वतःला कुठंही, कारण ती सगळ्यांच्या शेवटी अंघोळीला जायची आणि नेहमी घाईत असायची. मेकॅनिकनं चकती फिरवली. टकटक टकटक आवाज झाला आणि गीझरच्या पोटातल्या इवल्याशा काचेआड ज्योत उभी राहिली.

"निळी आहे," तो म्हणाला. "बघा तुम्हीच."

तिला बघायचं नव्हतं. तिनं बघितलं. ज्योत खरंच निळी होती, नीट, ओळीत, शाळेच्या रांगेत उभ्या केलेल्या मुलींसारखी. त्या दिवशी ती पिवळी होती, लांब झाली होती, काचेला चाटत होती… पण हे या माणसाला कुणी सांगणार नव्हतं.

"साहेब, काढायला सांगताय म्हणून काढतो," मेकॅनिक बाथरूमच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला म्हणाला, "पण यात खोट नाही. थोडी काजळी आहे, ती साफ केली की झालं. हवा कमी पडली असणार. खिडकी बंद होती का त्या दिवशी?"

"खिडकी बंद होतच नाही," नवरा म्हणाला. "काचेच्या पट्ट्या गंजलेल्या चौकटीत अडकल्यात. बारा महिने उघडी."

"मग कोडंच आहे. नाहीतर नवीन बसवाल नि जखम मांडीला, मलम शेंडीला असं व्हायचं."

"सर्व्हिसिंग केलं नव्हतं," नवरा खालच्या आवाजात म्हणाला. "तीनदा पुढं ढकललं. मी." मग एकदम, "काढा ते. डोळ्यांसमोर नको."

हा 'मी' तो गेले सात आठवडे उच्चारत होता. डॉक्टरांसमोर, बहिणीसमोर, शेजाऱ्यांसमोर, कुणी विचारलं नसलं तरी. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्याची उभी हयात गेली, दुसऱ्यांच्या चुका लाल पेन्सिलीनं गोल करण्यात, आणि आता तीच पेन्सिल घेऊन तो स्वतःभोवती गोल काढत बसला होता. ती ते बघत होती. तिनं मेकॅनिकसाठी धरलेली टॉर्च बंद केली, कारण दिवसाउजेडी तिची गरज नव्हती.

खिडकी बंद होत नाही हे खरं होतं. म्हणून तर…

म्हणून तर सासूबाई कुडकुडायच्या. यंदा थंडी लवकर आली, आणि अंघोळ करून बाहेर आल्या की त्यांचे ओठ काळेनिळे दिसायचे. "तुझ्या या बाथरूमला भिंत कमी नि वारा जास्त गं," त्या म्हणायच्या. "एक दिवस साबणासकट उडून जाईन, मग शोधत बसा." त्या हसत आणि हसता हसता दात वाजत. चेष्टेत सांगितलेलं काम त्यांना दुसऱ्या दिवशी झालेलं हवं असायचं, हे ती बावीस वर्षांत शिकली होती. आणि तिला ते आवडायचं. आईनं मुलीला सांगावं तसं सांगायच्या त्या.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल माळ्यावर पडून होता. तिनं स्टुलावर चढून टेपनं खिडकीचं माप घेतलं. कपड्यांच्या कारखान्यात ती कटिंगला होती — एका वेळी चाळीस थर कापड कापायचं, सुरी सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, जरी सरकली तरी चाळीस बाह्या वाया. तिथल्या बायका तिला 'सूतबाई' म्हणायच्या. आधी चिडवायला, पुढं पुढं मानानं. दुसरी कुणी असती तर तिनं फडकं कोंबलं असतं, पुठ्ठा लावला असता, कुठंतरी फट राहिली असती, कोपरा दुमडला असता आणि तेवढ्यातून हवा आली असती. तिच्या हातून फट राहिली नाही. चौकटीची डावी बाजू खाली जराशी आत होती, तर तिनं थर्माकोलही तिथं तेवढाच तासला, प्लास्टिक गुंडाळलं, तळव्यानं दाबलं. तो असा बसला की काढायचा म्हटलं तर नखही आत जाईना. तिला त्याचा अभिमान वाटला. हे विसरून चालणार नाही, मला अभिमान वाटला होता.

"गुणाची गं माझी बाई," सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या. नवऱ्याला तिनं सांगितलंच नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? तो पहाटेच अंधारात अंघोळ उरकून जायचा, चष्म्याशिवाय, पाच मिनिटांत, आणि खिडकी त्याच्या पाठीमागं. सासूबाई मात्र दार लावून निवांत वीस-वीस मिनिटं.

बाराव्या दिवशी धप्प आवाज आला.

पुढचं सगळ्यांना पाठ होतं, कारण नणंदेनं ते सगळ्यांना सांगितलं होतं — वहिनीनं कसा खांद्यानं धक्का देऊन दाराची कडी तोडली, एवढ्या जड बाईला एकटीनं फरफटत बाहेर काढलं, गॅस बंद केला, तोंडात फुंकर घातली. हे खोटं नव्हतं. तिच्या खांद्यावरचं निळं महिनाभर गेलं नव्हतं. पण त्यानंतरची बारा मिनिटं कुणाला माहीत नव्हती. रविवार होता, नवरा तेवढ्यापुरता दूध आणायला उतरला होता, तो धावत वर आला. रुग्णवाहिका आली, तो आईबरोबर बसला, आणि ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी कपडे घेऊन मागून येते." कपडे घ्यायला दोन मिनिटं लागली. उरलेली दहा ती स्टुलावर होती. नखं आत जात नव्हती म्हणून तिनं सुरी घातली. तुकडे केले, पांढरे दाणे फरशीभर उडाले, ते ओल्या फडक्यानं एकेक टिपले, आणि सगळं कारखान्याच्या चिंध्यांच्या पिशवीत कोंबलं. हातातलं सगळं टाकून त्या वेळी तिनं आधी हे केलं. आई जिवंत आहे का मेली हे माहीत नसताना मी फरशी पुसत होते.

दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांचं विचारून झालं होतं. नवऱ्यानं सांगितलं होतं, खिडकी उघडी असते.

सासूबाई वाचल्या. पण पूर्वीच्या सगळ्याच्या सगळ्या परत आल्या नाहीत. आता त्यांना टॉवेल म्हणता येत नाही, 'ते पुसायचं' म्हणतात. मुलाला कधी भावाच्या नावानं हाक मारतात. कपबशी उचलली की बशी वाजते. डॉक्टर म्हणाले होते, गीझरचा विषारी वायू मेंदूला बाधलाय, आधीचे पंधरा-वीस दिवस बहुतेक आठवणारच नाहीत, त्यांना विचारून त्रास देऊ नका. त्या पंधरा दिवसांत तो थर्माकोलही आला. आणि हे ऐकताना तिचा जीव भांड्यात पडला होता. पडला होता, खोटं कशाला बोलू? त्या म्हातारीच्या डोक्यातून एक तुकडा कायमचा गेला आणि तिथं दवाखान्याच्या बाकावर बसून मी सुटकेचा श्वास घेतला.

मग नणंद आली. आठ दिवस राहिली. जाताना भावाला म्हणाली, "दादा, तुला मी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं ते मशीन बदल म्हणून. वहिनी होती म्हणून आई आहे." तो मान खाली घालून ऐकत राहिला, आणि वहिनी तिची बॅग भरत राहिली. त्याच दिवसापासून त्यानं गार पाण्यानं अंघोळ सुरू केली. गीझर बंद होता हे खरं; पण सासूबाईंसाठी पातेलंभर पाणी तापायचं, त्यात आणखी एक पातेलं ठेवणं काही अवघड नव्हतं. तो नको म्हणायचा. पहाटे पहिला तांब्या अंगावर पडला की त्याचा श्वास अडकल्याचा आवाज यायचा, अंथरुणात पडल्या पडल्या तिला तो ऐकू यायचा, आणि पंधरा दिवसांपासून त्याला खोकला लागला होता, सुका, छातीच्या तळातून येणारा. औषध आणलं तर तो म्हणायचा, बघू.

तिनं मनाशी एक ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे, स्वतःची समजूत घातली होती. नवीन गीझर येईल, भिंतीवर बसेल, जुन्याबरोबर हा विषयही भंगारात जाईल, आणि हा माणूस परत गरम पाण्यानं अंघोळ करायला लागेल. मग सांगायची वेळच येणार नाही. उगाच कशाला झालेलं उकरायचं? आईंना त्यानं काय बरं वाटणार आहे? म्हणून मेकॅनिक गेल्यावर तिनं शेजारच्या काकूंना सासूबाईंजवळ बसवलं आणि दोघं दुकानात गेली.

दुकानात भिंतभर गीझर टांगलेले होते, पांढरे, चकचकीत, आणि सगळ्यांच्या चकत्यांवर आकडे होते. नवऱ्यानं पिशवीतून माहितीपत्रकं काढली. प्रत्येकावर त्यानं लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, समासात प्रश्न लिहिले होते, एका ठिकाणी सवयीनं 'सुरक्षित'ची वेलांटीही दुरुस्त केली होती. दुकानदार जाडजूड, बोलका माणूस. त्यानं ती वेलांटी बघितली आणि हसला.

"साहेब, एवढा अभ्यास आमच्या कंपनीच्या माणसानं केला नसेल."

नवरा हसला नाही. "घरात वयस्कर माणूस आहे," तो म्हणाला. "एकदा झालंय."

दुकानदार गंभीर झाला. मग त्यानं नीट समजावलं. एक साधा: आतली हवा घेतो, धूर नळीनं बाहेर सोडतो, याला खिडकी उघडी लागतेच, त्यात हयगय चालायची नाही. दुसरा बंदिस्त: दुहेरी नळीतून बाहेरचीच हवा घेतो, धूरही बाहेरच सोडतो, बाथरूमच्या हवेशी त्याचं देणंघेणं नाही. "खिडकी गच्च बंद केलीत तरी चालेल," तो म्हणाला.

तिनं त्या बंदिस्त डब्याकडे बघितलं. हा जर तेव्हा असता…

"तू सांग," नवरा तिला म्हणाला. खोकला, रुमाल तोंडाशी धरून. "माझ्या निवडीवर माझाच विश्वास राहिला नाही. तू सांगशील तो."

कुणीही शहाण्या माणसानं दुसराच घेतला असता. आईंसाठी तोच बरा. तो बसला की खिडकीचा प्रश्न कधीच कुणी काढणार नाही, हेही खरं, आणि ही दोन खरी कारणं तिला एकमेकांपासून सोडवता येईनात. तिनं बोट केलं. "हा."

"उत्तम. आता नळी बाहेर काढायची, तर भिंत फोडायची का खिडकीतून काढायची? खिडकीतून सोपं. चौकटीत पत्रा बसवून देतो, त्यातून नळी. बाकीची खिडकी कायमची बंद, वारा नाही, डास नाहीत. खिडकीचं माप कळलं असतं तर पत्रा आजच कापला असता. नाहीतर उद्या माणूस पाठवतो."

"साडेसतरा बाय सव्वाअकरा," ती म्हणाली. "आतून. डावी बाजू खाली अर्धं सूत कमी धरा."

बोलून झाल्यावर तिला आपला आवाज ऐकू आला.

मापं ती अशीच सांगायची. कारखान्यात कुणी कॉलर म्हणालं की तोंडातून आकडा निघायचा, मन मध्ये यायचंच नाही. दुकानदारानं कागद ओढला. नवऱ्याची मान वळली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही, समोरच्या गीझरवर दोघांची धूसर सावली पडली होती तिच्याकडे बघत राहिली. आता तो विचारेल. तुला कसं माहीत? बाथरूमच्या खिडकीचं माप, तेही अर्ध्या सुतासकट, कशासाठी घेतलं होतंस? कधी? चुका शोधणारे डोळे आहेत ते, एक काना सुटला तर दिसतो त्यांना. विचारेल, आणि मला सांगावं लागेल, आणि सगळं… तिला कळलं की आपण घाबरलेलो नाही. ती वाट बघत होती. विचारा हो. एकदा विचारा.

"बघा," नवरा दुकानदाराला म्हणाला. त्याच्या आवाजात सात आठवड्यांत पहिल्यांदा जरा ऊब होती. "मी नुसते कागद रंगवत बसलो, आणि हिनं खिडकी मोजूनसुद्धा ठेवली. हिच्या मापात चूक नसते. हिला कारखान्यात सूतबाई म्हणतात."

"नशीबवान आहात," दुकानदार म्हणाला आणि आकडे लिहून घेतले.

बाहेर रस्त्यावर ऊन होतं. परवा दुपारी माणसं येणार होती. दोघं बसथांब्याकडे चालली, तो नेहमीप्रमाणे रस्त्याच्या बाजूनं, ती आतून. तिला बोलणं भाग होतं, काहीतरी, म्हणून ती म्हणाली, "परवापासून तुम्हीपण गरम पाणी घ्या. खोकला किती वाढलाय."

"आईचं होऊ दे सुरळीत," तो म्हणाला. "मला नको. मला आता गारच बरं वाटतं." आणि थोडं चालून, अगदी साधेपणानं, तिला दुखवू नये म्हणून जणू, "तेवढं तरी करू दे मला."

ती त्याच्या बाजूनं चालत राहिली. सात आठवडे तिला वाटत आलं होतं की आपल्याला भीती आहे ती पकडलं जाण्याची. मेकॅनिकची, नणंदेची, म्हातारीच्या डोक्यात एखाद्या सकाळी उजाडेल याची. ती सगळी भीती आता एकदम निकामी झाली होती. पत्रा कापला जात होता. कुणी विचारणार नव्हतं, कधीच. हा माणूस मरेपर्यंत तिच्यावर विश्वास ठेवणार होता आणि रोज पहाटे तिच्या वाटणीचं पाणी आपल्या अंगावर घेणार होता. सांगायचं तर आता स्वतःहूनच, कुठलंही निमित्त नसताना, त्याच्या तोंडाकडे बघून. तिनं पहिला शब्द शोधला. "अहो" हा शब्द सापडला, बावीस वर्षांचा, रोजचा. त्याच्या पुढचा सापडेना. बस लांबून दिसली. तो खोकला, थांबला, पुन्हा खोकला. "अहो," ती म्हणाली.

"काय गं?" त्यानं विचारलं, आणि तो थांबून तिच्याकडे बघू लागला.