कोण काय म्हणालं

धुलाईच्या कारखान्यात पुढच्या काउंटरची जागा रिकामी झाली आणि दोघी जावांमधलं बोलणं आटलं. काउंटरवर गिऱ्हाइकाशी इंग्रजीत बोलायचं आणि ते काय म्हणालं हे आत मालकिणीला इंग्रजीतच सांगायचं. दोघी करत होत्या तशी मागे वाफेत चादरींना इस्त्री करण्यापेक्षा केव्हाही बरं. थोरलीला ती जागा हवी होती. धाकटीलाही.

धाकटीला अक्षरं शिकवली थोरलीनेच, ओट्यावर सांडलेल्या पिठात बोटाने गिरवून. आता दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात हीच सगळ्यांच्या पुढे. बाईंनी विचारायचा अवकाश, हिचं उत्तर तयार. थोरलीच्या पोटात दुखायचं.

सध्या बाई शिकवत होत्या की दुसऱ्याचं बोलणं सांगताना क्रियापद एक पाऊल मागे न्यायचं. ‘मी दमले आहे’ असं कुणी म्हणालं, तर इंग्रजीत सांगताना ‘ती दमली होती’ असं म्हणायचं. अजून दमलेलीच असेल तर आहे तसं ठेवलं तरी कधीकधी चालतं. थोरली कुरकुरली, की आपण तर माणसाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं उचलून सांगतो, हे मागेपुढे कशाला? वर्ग हसला. धाकटीने तेवढ्यात वाक्य बरोबर करून दाखवलं. ही मेली झोपेतही चुकत नसेल, थोरलीला वाटलं.

काउंटरवर कुणाला बसवायचं हे ठरवायला वर्गात परीक्षा झाली, तिला मालकीण स्वतः आली. बाईंची रीत अशी, की एकीने वर्गात मनातलं काही खरं बोलायचं आणि दुसरीने ते दाराबाहेर थांबलेल्या माणसाला सांगायचं. मालकीण बाहेर गेली. बोलायची पाळी थोरलीची, सांगायची धाकटीची.

थोरलीने साधंसंच वाक्य ठरवलं होतं. पण धाकटी समोर उभी राहिली ती केस चापून, पाठ ताठ करून, जागा मिळालीच आहे अशी. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, "आय डोन्ट वॉन्ट हर टू गेट द जॉब." हिला ही जागा मिळू नये.

बाईंनी दार उघडलं. धाकटीने मान वर न करता सांगितलं, "शी सेड शी हॅड टॉट मी टू रीड." हिने मला वाचायला शिकवलं, असं ही म्हणाली. क्रियापदं जागच्या जागी, पण थोरली असं म्हणालीच नव्हती.

मालकिणीचा चेहरा खुलला. असंच म्हणालात ना, तिने थोरलीला विचारलं.

नुसतं हो म्हणायचं होतं. पण चांगुलपणातही हीच पुढे? आणि जन्मभर हिचे उपकार वागवायचे?

"नो," थोरली म्हणाली. "आय सेड आय डिडन्ट वॉन्ट हर टू गेट द जॉब." रागाच्या भरात वाक्य बिनचूक आलं, तिच्या ध्यानातही आलं नाही.

मालकिणीने दोघींकडे एकदा पाहिलं. मग बाईंना म्हणाली, "गिऱ्हाईक शिव्या देऊन गेलं तर मला शिव्याच कळायला हव्यात. थोरल्यांना पाठवा."

घरी जाताना धाकटी एवढंच म्हणाली, "ताई, हो म्हणून टाकायचं ना."

थोरली भराभर पुढे चालू लागली.

ती आता काउंटरवर बसते. गिऱ्हाईक नसलं की मागच्या वाफेच्या खोलीतून हसण्याचे आवाज येतात. धाकटी काहीतरी सांगत असते, बाया तिच्याभोवती जमलेल्या असतात. थोरली कान देऊन ऐकते. पण ही काय म्हणाली, ते काही केल्या कळत नाही.