तेलात भिजलेला पट्टा

पाण्यात उतरलं की माझे गुडघे दुखायचे थांबतात. हल्ली तेवढंच एक सुख उरलं आहे. सदाशिव पेठेतल्या घराचा जिना चढताना अंगावर घेतलेलं ओझं तलावाच्या पायऱ्यांवर उतरतं. म्हणून उन्हाळ्यात जिन्यात चक्कर आली आणि माझा मुलगा सलिल म्हणाला, "आई, आता पोहणं बंद," तेव्हा मी भांडले नाही. भांडायचं त्राणच नव्हतं. नुसतं म्हणाले, "मग दिवसभर मी काय करू, तेवढं सांगून जा."

पुढच्या रविवारी त्याने मनगटावर बांधायचा पट्टा आणून दिला. काळा, रबरी, मधोमध काचेची चकती. नाडीचे ठोके मोजणारा. ठोके माझ्या फोनवर जाणार, आणि तिथून विश्रांतवाडीला सलिलच्या फोनवर.

"पोह. पण हा हातात असेल तरच. चार्जिंग सोडलं तर कधीच काढायचा नाही."

"पाण्यातसुद्धा?"

"पन्नास मीटरपर्यंत वॉटरप्रूफ आहे. तुझा तलाव किती खोल आहे?"

"बुडायला पुरेसा."

पूर्वी अशा बोलण्यावर तो हसायचा.

एकदा कणीक मळायला पट्टा काढला, तर हात धुवायच्या आत त्याचा फोन. "आई, ठोके दिसत नाहीत!" त्यानंतर मी काढला नाही. माझे यजमान नदीत पोहायला जायचे, नदीत पोहता यायचं त्या काळात. घड्याळ काढून बुटात ठेवायचे, वर मोजा कोंबायचे. ते पाण्यात आहेत, की नारायण पेठेत मित्राच्या दुकानात गप्पा मारत बसलेत, कळायला काही मार्ग नव्हता. भात झाकून ठेवायचा आणि वाट बघायची. त्याचाही शीण यायचा, पण तो वेगळा.

नरकचतुर्दशीला विश्रांतवाडीत सुनेने, सुरुचीने, मला पाटावर बसवून तेल लावलं. पाठ, खांदे, हात. मनगटाशी आली आणि थांबली.

"आई, पट्टा काढू का?"

"नको गं बाई. तो शेजारच्या खोलीत असला तरी फोन करेल."

ती हसली आणि पट्ट्यावरूनच तेल चोळलं. मग उटणं, मग साबण, मग कढत पाण्याचे तांबे. सुगंधी तेलाचा वास पुढे चार दिवस पट्ट्याला येत होता. मला बरं वाटायचं. लहानपणी आई माझ्या बांगड्यांवरूनही असंच तेल लावायची.

दिवाळीनंतर महिलांची दुपारची बॅच पुन्हा सुरू झाली. पाणी गार होतं. दोन-तीन फेऱ्या झाल्यावर काठाला धरून दम खात होते, तर काचेच्या आत धुकं दिसलं, पावसाळ्यात बसच्या काचेवर धरतं तसं. पुसलं. जाईना. आकडेही दिसेनात. म्हटलं, असेल काहीतरी, आणि पुढे पोहत राहिले. फोन पिशवीत, पिशवी टॉवेलखाली. तलावाच्या ऑफिसात फोन असतो, पण तो उचलायची पद्धत नाही.

बॅच संपत आली तेव्हा फाटकावर आवाज चढले. दारावरच्या यमुनाबाईंचा खणखणीत होता.

"महिलांची वेळ आहे. बोर्ड वाचता येतो ना?"

"माझी आई आत आहे!"

"आत सगळ्या कोणाच्या ना कोणाच्या आयाच आहेत."

"अहो, तिचे ठोके बंद झालेत!"

"कोण, श्यामलाताई? आत्ताच टोपी घालण्यावरून माझ्याशी भांडून पाण्यात गेल्या."

मी पोहत खोल टोकाला, कुंपणाच्या भिंतीजवळ आले. "सलिल, इकडे भिंतीशी ये."

धावत आलेली पावलं थांबली. त्याला धाप लागली होती.

"आई, ठीक आहेस?"

"नाही, भूत बोलतंय. पट्ट्यात पाणी गेलंय रे."

"जाणार कसं? पन्नास मीटर..." मग तो थांबला. "गरम पाण्यात घातला होतास?"

"अभ्यंगस्नानाला. तेल, उटणं, सगळं त्याच्यावरूनच."

"आई! तेलाने आणि गरम पाण्याने आतलं सील जातं! आंघोळीला काढायचा ना!"

"कधीच काढायचा नाही, असं कोण म्हणालं होतं?"

थकलेल्या आवाजात तो म्हणाला, "बाहेर ये. नवा येईपर्यंत पोहणं नाही. मला नाही झेपत हे, आई. मीटिंगमध्ये बसून मी तुझे ठोके बघत असतो."

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, यंत्रच बघतं.

मी कठडा धरून तरंगत होते. गारवा खांद्यापर्यंत चढला होता. आता वर गेले तर गुडघे परत माझ्या गळ्यात, आणि नवा पट्टा आला तरी त्याचा धीर परत येईल याची खात्री नाही.

"सलिल, तू याच तलावात शिकलास. मुलांच्या बॅचला बायकांना आत सोडत नसत. मी कुठे असायचे?"

"इथेच. बाहेर."

"या टोकाला आलास की ओरडायचास, आई, आहेस ना? तरंगायला पाठीवर बांधलेला पत्र्याचा डबा कधी सुटला, मला दिसलंही नाही. मी आपली हो हो म्हणत होते."

त्याचा फोन वाजला. "हो, जॉईन होतो थोड्या वेळात," तो कोणाला तरी म्हणाला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर माझा आवाज होतो, तसाच त्याचा झाला होता.

"बॅच किती उरली?"

"एक-दोन फेऱ्यांपुरती."

"बरं, पोह. बसतो मी."

"बसा," यमुनाबाई फाटकातून म्हणाल्या, "पण भिंतीवरून डोकावायचं नाही."

मी पट्टा काढून काठावर ठेवला. मनगटावर फिकट पांढरा वळ होता. त्या टोकाला जाऊन परत आले. परतताना दम कमी पडला, अर्ध्या वाटेवर पाठीवर झाले, जरा आकाश बघितलं, मग आले. काठाला हात लावून म्हटलं, "आले रे."

भिंतीपलीकडून "हं" आलं.

मी पुढच्या फेरीला वळले.