फळ्यावरचं नाव

मला इंग्रजी शिकवायची मोठी खुमखुमी होती. सोनगीरच्या पुढे आठ-दहा किलोमीटरवर, हायवेला लागून असलेल्या एका खेड्यातली शाळा, नववीचा वर्ग, आणि पोरं अशी की क्रियापद म्हटलं की माना खाली. मग मी युक्ती काढली. प्रत्येक वाक्यात गावातलंच माणूस घालायचं. रुपचंद धावतो, जीवराम झोपतो. पोरं खिदळायची, पण क्रियापद पाठ व्हायचं. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली आणि मी हवेतच गेलो.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात, कापसाची वेचणी ऐन भरात असताना, 'स्टील' हे क्रियापद आलं. मी फळा भरून टाकला. मांडवात नवरदेव नवरीकडे चोरून बघतो, तिथे हेच क्रियापद. पुना शाळेतून गुपचूप सटकतो, तिथे हेच. पोळ्याला चिंधाचा बैल सगळ्या गावाच्या नजरा आपल्याकडे ओढून घेतो, तिथेही हेच. भजनात बसल्या बसल्या आबांना नकळत डुलकी लागते, त्यालाही इंग्रजांना हाच शब्द सुचतो. राहता राहिला साधा अर्थ, चोरी करणे. नाव हवं होतं. खिडकीबाहेरून वच्छलाबाई डोक्यावर काट्यांची मोळी घेऊन चालली होती. मी लिहून मोकळा झालो : वच्छलाबाई कापूस चोरते. हातात खडू आला की माझं डोकं बंद पडतं, हा माझा जुना रोग.

चाळीस वह्यांत ते वाक्य उतरलं, इंग्रजीत आणि खाली मराठीत. शाळा सुटायच्या आत मी एकूण एक वही तपासली आणि लाल शाईनं 'बरोबर' लिहून खाली सही ठोकली.

रात्री घरोघरी वह्या उघडल्या. इंग्रजी कोणाला येत नव्हतं, मराठी येत होतं. नवरदेवाला नि बैलाला कोणी काही म्हटलं नाही.

वच्छलाबाई विधवा. लोटन नानांच्या शेतात वेचणीला जायची. घरी मुलगी यशोदा बाळंतीण, तीन आठवड्यांची नात, आणि चूल पेटायची ती या मजुरीवर. दुसऱ्या दिवशी नानांच्या बायकोनं, कुंदाबाईनं, तिला बांधावरूनच परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी आणखी दोन शेतांतून तेच झालं. वेचलेला कापूस पदराच्या ओटीत असतो आणि ओटी पोटाशी. चोर म्हटलेल्या बाईला कोणी वेचणीला उभं करत नाही.

संध्याकाळी ती शाळेच्या ओट्याशी आली.

"मास्तर, मन्हं नाव कसाले लिखं?"

"चुकलं अक्का. सहज लिहिलं. नुसतं उदाहरण होतं ते."

"घरमा पीठ नही शे," ती म्हणाली. "पोर बाळंतीन शे."

एवढंच बोलून ती गेली. मला लाज वाटली, जमिनीत गाडून घ्यावं अशी लाज.

मग मी वेड्यासारखा हिंडलो. वह्या गोळा करून त्या वाक्यावर काट मारली. लोक म्हणाले, मास्तरवर दाब आला. दारोदार जाऊन सांगितलं की वाक्य खोटं आहे. लोक म्हणाले, मग सही कशी केली? नानांपुढे हात जोडले. ते चुना मळत म्हणाले, "गावमा इतला लोक शेतस. तिनंच नाव तुमले कसं सुचनं?"

"खिडकीतून दिसली, म्हणून."

नाना नुसते हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं.

"रविवारी ती खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलेल," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर. मग तर घ्याल कामावर?"

बेलभंडारा हातात घेऊन खोटं बोलायची गावात कोणाची छाती नव्हती, आणि उचलल्यावर शंका काढायचीही नव्हती. नाना कबूल झाले. मी धावत जाऊन वच्छलाबाईला सांगितलं. वाटलं, तिचा जीव भांड्यात पडेल.

"उचलनं पडी का?" तिनं विचारलं.

"दोन मिनिटांचं काम, अक्का."

मी मोठ्या समाधानात घरी आलो, मूर्ख कुठला.

रविवारी देऊळ भरलं. पुजाऱ्यानं ताटात बेल आणि भंडारा ठेवला. मी आधी सांगून टाकलं की ते वाक्य माझ्या मनचं होतं. मग वच्छलाबाई पुढे झाली. तिचा हात ताटावर आला आणि थांबला. मी मनात म्हणत होतो, उचल बाई, काही असलं तरी उचल. तिनं हात मागे घेतला आणि पदरात गुंडाळला.

"मी लिधा व्हता," ती म्हणाली. "एकच डाव. मूठभर. नातनी टाळूवर तेलना बोळा ठेवाले."

मूठभर कापूस. त्याहून जास्त नानांच्या कुंपणाच्या काट्यांना लटकून वाया जातो. मी हे ओरडून सांगितलं, दोनदा सांगितलं. पण कबुली देवापुढे झाली होती. नाना उठले, टोपी सारखी केली.

"मास्तर, तुमले बठ्ठं मालूम व्हतं," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरले.

दुपारी ती फाट्यावर उभी होती. शेजारी यशोदा, कानाला फडकं बांधलेली, पोटाशी तान्ही. सव्वा महिनाही भरला नव्हता. धुळ्याला कोणी लांबची मावसबहीण होती, तिच्याकडे निघाल्या होत्या. मी तिची पिशवी धरून उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"मास्तर, त्या दिन शेतमा कोन्हीच नव्हतं. मी चारीमेर देखं व्हतं. तुमले कोनी सांगं?"

"कोणीच नाही, अक्का. देवाशपथ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. विश्वास नव्हता, पण रागही नव्हता. उलट मला अवघडल्यासारखं होतंय म्हणून तिलाच वाईट वाटलं असावं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यानं नाव नका सांगू. मन्हा तोंडमाईन वंगाळ निंघी."

एस.टी. थांबली. मी पिशवी वर दिली. ते नाव माझंच, हे सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं दोरी ओढली.